मावशीला कुणी शिकवलं?

१

पाहुण्या मास्तरीणबाईंच्या हाताला टाके पडले आणि बुडीकेंद्रावर सुतकी कळा आली. खरं तर बाईंचं फारसं बिघडलं नव्हतं. त्या बाहेरच्या बाकावर हात गळ्यात बांधून बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मी बरी आहे' म्हणून सांगत होत्या. सुतक चाललं होतं ते मावशीचं, आणि तेही ती जिवंत असताना.

मावशी म्हणजे शार्क. दोन माणसांच्या लांबीची, पोट सुटलेली, थोराड मादी. संरक्षित प्रवाळाच्या शेवटच्या कड्याखाली तिचं बिऱ्हाड होतं. माणसं पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून तिच्या दारात जाऊन बसत. ती त्यांच्या डोक्यावरून एक फेरी मारी आणि 'बघितलंत ना, निघा आता' अशा थाटात आत जाई. इतक्या वर्षांत तिनं कुणाच्या केसाला धक्का लावला नव्हता. आणि काल तिनं पाहुणीची मूठ तोंडात धरली.

नियम सरळ होता. संरक्षित पाण्यात माणसाला चावणारी शार्क मारून काढायची. उद्या सकाळी गळवाली बोट येणार होती. याला अपवाद एकच. कुणी माणसानं शार्कला हातानं भरवून सवय लावली असेल, तर गुन्हा माणसाचा. मग शार्कला हात लावायचा नाही आणि त्या माणसाचा परवाना कायमचा काढून घ्यायचा. पण तो माणूस सापडायला हवा, आणि बोट यायच्या आत सापडायला हवा.

म्हणून दुपारच्या होडीनं तपासनीस आली. खात्यात तिला शंकाबाई म्हणत. चहात साखर घातलीय म्हटलं तरी ती ढवळून बघते, अशी तिची ख्याती. पोहायला आणि बुड्या मारायला ती इथेच शिकली होती, अण्णांच्या हाताखाली. अण्णांनीच हे केंद्र उभं केलं होतं. अण्णांनीच खेटे घालघालून हा खडक संरक्षित करून घेतला होता आणि वरचा नियमही त्यांनीच लिहिला होता.

ती धक्क्यावर उतरली तेव्हा अण्णा नुकतेच बुडी मारून आले होते. सूट अंगावर ओलाच होता.

"कड्यावर बंदी आहे ना, अण्णा?" तिनं हसून विचारलं.

"मावशीला बघून आलो. मला कोण अडवणार?" ते म्हणाले. पण हसले नाहीत. "हवा लवकर संपली, म्हणून वर आलो. छाती पूर्वीची राहिली नाही, पोरी."

तिला वाईट वाटलं. या माणसानं एकेकाळी तिला पाण्याखालून खांद्यावर घालून वर आणलं होतं. तिनं त्यांचा सिलिंडर होडीतून उचलला आणि सवयीनं त्याचा काटा पाहिला. काटा अर्ध्याच्याही वर होता. जुना काटा, अडकत असेल, असं म्हणून तिनं सिलिंडर खांद्यावर घेतला आणि विचारलं, "अण्णा, तिला कुणी भरवत होतं का?"

"माझ्या केंद्रातलं कुणी नाही," अण्णा म्हणाले. "तू कितीही खोद. काही निघणार नाही."

२

मास्तरीणबाईंना आपल्या जखमेपेक्षा लाजच जास्त टोचत होती.

"माझ्यामुळे एक जीव जाणार हो," त्या म्हणाल्या. "शाळेत मुलांना सांगते, कुणाच्या घरी गेलं की नीट वागावं. आणि मी तिच्या घरी जाऊन हे करून आले."

"तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही, हेच तर सांगते! आधीच घाबरट माणूस मी. भराभर श्वास घेतला आणि माझी हवा तिच्या दारातच संपत आली. एरवी पाहुण्यांची इतकी संपेपर्यंत खाली ठेवत नाहीत म्हणे. मग शिकवल्याप्रमाणे खूण केली."

शंकाबाईला ती खूण सांगायला नको होती. पाण्याखाली तोंडात नळी असते, त्यामुळे सगळं बोलणं हातानं. मूठ वळून छातीशी धरली की अर्थ एकच, हवा कमी आहे. अण्णांचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा तोच असे. 'माणसाच्या बोलण्यावर शंका घ्या, खुणेवर घ्यायची नाही. हवा कमी आहे म्हणाला की कमी आहे.'

"मग?"

"मग ती आली. रागानं नव्हे. हाक मारल्यासारखी आली. माझी मूठ तोंडात घेतली, जराशी चाचपली आणि आत काही नाही कळल्यावर सोडून दिली. मीच घाबरून हात ओढला, म्हणून फाटला. ओढला नसता तर ओरखड्यावर भागलं असतं. हे लिहा हं तुमच्या कागदात."

"आत काही नाही कळल्यावर," शंकाबाई स्वतःशीच पुटपुटली.

म्हणजे मुठीत काहीतरी असतं, हे मावशीला ठाऊक होतं. चोरी पकडली गेली होती, आता चोर तेवढा उरला होता. ती थेट धुण्याच्या हौदाकडे गेली. बुडी मारून आलेले सूट आणि जॅकेटं तिथे गोड्या पाण्यात बुचकळून खुंट्यांवर टांगत. एकेक खिसा उलटा करत ती शेवटच्या खुंटीपाशी आली. त्या खिशाच्या चिकटपट्टीत माशाचं चकचकीत खवलं अडकलं होतं.

जॅकेट जावयाचं होतं.

३

जावई म्हणजे अण्णांचा जावई. केंद्राचा मुख्य गाईड. काल मास्तरीणबाईंना वर आणणाराही तोच. कामाला वाघ, पण बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, हा आपल्याशीच भांडतोय.

वेळ थोडा होता. शंकाबाईनं संध्याकाळी जेवणघरातच, सगळ्यांसमोर, ते खवलं टेबलावर ठेवलं. असं करू नये, हे तिला कळत होतं. तरी तिनं केलं.

"हे तुमच्या खिशात मिळालं."

जावयानं खवल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, हौदात सगळ्यांची जॅकेटं मीच धुतो. एकाचं दुसऱ्याला चिकटतं. तुम्हीही इथे धुतली आहेत की."

"मासे तुम्ही नेत नव्हता?"

"नाही."

तेव्हा ताई बोलली. ताई म्हणजे त्याची बायको, अण्णांची मुलगी. कार्यालय तीच सांभाळायची. "अहो, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. तुमच्या हातांना मासळीचा वास का येतो म्हणून."

"अगं, कपडे मी धुतो ना!"

"तेव्हाही हेच म्हणालात," ताई म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

मास्तरीणबाई डाव्या हातातला चमचा धरून बसल्या. कोपऱ्यातल्या फोटोवाल्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. अण्णा ताटात बघून जेवत होते. कानावर काही आलंच नाही असं ते जेवत होते, आणि शंकाबाईला वाटलं, बिचाऱ्यांना जावयाची लाज वाटत असेल.

जावई बराच वेळ बायकोकडे बघत राहिला. मग उठून उभा राहिला.

"मॅडम, एक विचारतो. मी 'हो' म्हटलं तर मावशी वाचेल?"

"परवाना जाईल तुमचा. पुन्हा कुठेच काम मिळणार नाही."

"ते नाही विचारलं. मावशी वाचेल का?"

"वाचेल."

"मग लिहा माझं नाव. मी केलेलं नाही, पण लिहा."

४

खोटी कबुली शंकाबाईनं लिहिली नाही. मात्र त्या कबुलीनं तिची झोप उडवली. चोर आधी स्वतःचं विचारतो. या माणसानं शार्कचं विचारलं होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी तिला आधीच सुचायला हवी होती. गाईड सगळ्यांच्या पुढे असतो. खाली उतरलेल्या प्रत्येकाची नजर त्याच्यावरच खिळलेली असते, कारण तो दाखवेल तिकडेच जायचं. मावशीला चोरून भरवणं ज्याला सर्वांत अवघड, तो माणूस तिनं सर्वांत आधी धरला होता. भरवणारा असा हवा, ज्याच्याकडे लोक बघतच नाहीत. आणि असा तर तिथे एकही नव्हता.

सकाळी उजाडता उजाडता तिनं फोटोवाल्याचं दार ठोठावलं. तो पाहुण्यांचे पाण्याखालचे फोटो काढून द्यायचा. तिला पाहून तो आधीच रडवेला झाला.

"मला माहीतच होतं तुम्ही येणार. हो, मी फोटो काढत राहिलो! बाईंचा हात तिच्या तोंडात होता आणि मी बटण दाबत होतो. पुढे होऊन मदत करायला हवी होती. रात्रभर तेच डोळ्यांपुढे येतंय. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"फोटो दाखवा."

त्यानं परवाचे दाखवले. बाई सांगत होत्या तसंच होतं सगळं. मग शंकाबाई म्हणाली, "याआधीचे? मावशीच्या कड्याजवळचे?"

"तेही आहेत, पण..." तो अडखळला. "त्यांतले काही मी कुणाला देत नाही. मागे अण्णा असतात ना. बरं दिसत नाही."

"का?"

"त्यांची हवा पुरत नाही हो आता. आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत नाही कुणी. त्यांनी खूण केली की आपण तोंड फिरवायचं. एवढा मोठा माणूस, त्याला काय ओशाळवाणं वाटत असेल! झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय."

त्यानं फोटो पुढे केले. एकात प्रवाळ, एकात पिवळ्या माशांचा थवा, एकात कुणी पाहुणा हात हलवतोय. आणि प्रत्येकात मागे, बाजूला, एकटे अण्णा. मूठ छातीशी. प्रत्येकात मावशीही होती, कुठे अर्धी, कुठे नुसती शेपटी, पण तोंड अण्णांकडे.

शंकाबाईला काल धक्क्यावर उचललेला सिलिंडर आठवला. ज्याची हवा संपली, त्याचा सिलिंडर रिकामा असतो. अण्णांचा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. काटा अडकला नव्हता. अडकली होती ती शंकाबाई, कारण साऱ्या जगावर शंका घेणाऱ्या तिला त्या एका माणसावर घ्यायची नव्हती.

मावशीला नुसती मूठ शिकवली नव्हती. छातीशी धरलेली मूठ शिकवली होती. ज्या खुणेवर शंका घेऊ नका म्हणून अण्णांनी सगळ्यांना शिकवलं, तिच्याच आड त्यांनी मासा लपवला होता. लोक कीव येऊन तोंड फिरवत, आणि तेवढ्यात काम होई.

खिडकीबाहेर, दूर पाण्यावर, गळवाली बोट दिसायला लागली होती.

५

"अण्णा, मावशीला शेवटचं भेटून येऊ," ती म्हणाली. "सगळेच जाऊ."

हाती पुरावा काय होता? सिलिंडर कालच पुन्हा भरला गेला होता. फोटोंत मासा कुठे दिसत नव्हता. तिनं स्वतः मूठ छातीशी धरली असती तरी मावशी आली असती. त्यानं शिकवणी सिद्ध झाली असती, मास्तर नव्हे. समोर बसून 'तुम्हीच ना?' असं विचारायचं एवढंच उरलं होतं, आणि तिची जीभ उचलत नव्हती. म्हणून तिनं जिथे बोलताच येत नाही ती जागा निवडली.

होडीत सिलिंडर बांधताना तिनं अण्णांचा काटा मुद्दाम, त्यांच्या देखत पाहिला. पूर्ण भरलेला. अण्णांनी ते पाहिलं आणि मास्क डोळ्यांवर ओढला.

खाली आपलाच श्वास तेवढा ऐकू येतो. कड्यासमोरच्या वाळूत पाचजण गुडघे टेकून बसले. शंकाबाई, अण्णा, जावई, ताई आणि या वेळी कॅमेरा न आणलेला फोटोवाला. मावशी बाहेर आली. रेंगाळत, जडशी, नेहमीची फेरी घेत ती डोक्यावरून गेली. वर तिच्यासाठी गळ परजत होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

शंकाबाई अण्णांकडे वळली. तळहातावर दोन बोटं टेकवून तिनं विचारलं, हवा किती आहे?

साधा प्रश्न. खाली उतरलं की सारखा विचारतात. खरं उत्तर बोटांनी द्यायचं होतं, भरपूर आहे म्हणून. ते दिलं असतं तर काहीच घडलं नसतं. सगळे वर आले असते, अण्णा अण्णाच राहिले असते आणि मावशी गळाला लागली असती. दुसरं उत्तर मुठीचं होतं. ते खोटं होतं, आणि त्यातूनच खरं बाहेर पडणार होतं.

अण्णांना प्रश्न समजला. मास्कच्या काचेमागे त्यांचे डोळे तिच्यावरून जावयावर गेले, जावयावरून मुलीवर. बोटं उघडलेली होती. शंकाबाईला वाटलं, आता हे बोटं दाखवणार. आणि तिला लाज वाटली, कारण मनाच्या एका कोपऱ्यात तिलाही तेच हवं होतं.

अण्णांनी डोळे मिटले. मूठ वळली आणि छातीशी धरली.

मावशी वळली. इतर कुणाकडे न बघता ती सरळ त्यांच्यापाशी आली, मूठ तोंडात घेतली, चाचपली. अण्णांनी हात ओढला नाही. मावशीनं मूठ सोडली, क्षणभर तिथेच घुटमळली, पुन्हा एकदा नाकानं हाताला ढोसलं. तिचा रोजचा खाऊ आज कुठे गेला ते तिला कळेना. अण्णांच्या बोटांतून हिरवट काळी रेघ वर चढू लागली. रक्त खोल पाण्यात तसंच दिसतं.

ताईनं दोन्ही हात मास्कवर धरले.

६

गळवाल्या बोटीला शंकाबाईनं हात करून थांबवलं आणि दोन वाक्यांत परत पाठवलं. मग होडीत कुणी कुणाकडे बघेना.

"पहिल्यांदा खडकासाठी केलं," अण्णा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "समिती येणार होती. मोठे मासे उरलेत का ते बघून संरक्षण ठेवायचं की काढायचं, ते ठरवणार होती. मावशी महिनाभर दिसली नव्हती. संरक्षण गेलं असतं तर इथे जाळी पडली असती. म्हणून मासा नेला. ती आली. समिती खूश झाली."

"एवढ्यावर थांबायचं होतं," शंकाबाई म्हणाली.

"थांबलो नाही. लोक म्हणायला लागले, अण्णांना बघून मावशी येते. म्हातारपणी बरं वाटलं ते ऐकायला." त्यांनी कड्याच्या दिशेनं पाहिलं. "काल तू आलीस तेव्हा मी तिला हाकलायला गेलो होतो. म्हटलं, खोल पाण्यात निघून जा, कुणाला सापडू नकोस. ती माझ्या हाताशीच घुटमळत राहिली."

"मग लगेच का नाही सांगितलंत? एका शब्दानं ती वाचत होती."



ताई बापाकडे वळली. तिचा आवाज चिरका झाला होता. "काल रात्री यांच्यावर बोट ठेवलं गेलं तेव्हा तुम्ही समोर बसला होतात, अण्णा."

"होतो."

"आणि जेवत होतात."

"हो. घास उतरत नव्हता, तरी गिळत होतो. थांबलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, काय झालं म्हणून."

ताईनं नवऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही. बोट ठेवणारी तर शंकाबाईच होती. ती उठून, तोल सावरत, होडी हाकणाऱ्या जावयापाशी गेली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी नीट विचार केला नाही. ज्याचा करायला हवा होता त्याचा केलाच नाही."

"आरोप जेवणघरात केलात, मॅडम," जावई समोर बघतच म्हणाला. "माफीही तिथेच मागा. सगळे जेवायला बसले की."

"मागते."

त्यानं मान हलवली. रागावलेला तो दिसत नव्हता. खूप थकलेला दिसत होता. त्यानं इंजिनचा वेग कमी केला, बाकाखालून स्वच्छ फडकं काढलं आणि मागे वळून सासऱ्याच्या ओरखडलेल्या मुठीकडे पाहिलं. अण्णा ती मांडीवर तशीच टाकून बसले होते आणि रक्त होडीच्या फळ्यांवर ठिबकत होतं.

त्यानं फडकं त्यांच्या हाताला घट्ट गुंडाळलं. अण्णा काहीतरी बोलू पाहत होते, पण त्यानं त्यांना बोलू दिलं नाही.

"हात वर धरा, अण्णा," तो एवढंच म्हणाला. "खाली सोडलात तर रक्त थांबणार नाही."

अण्णांनी हात डोक्याच्या वर धरला. होडी धक्क्याकडे निघाली. तिथे मास्तरीणबाई आणि केंद्रातली सगळी माणसं वाट बघत उभी होती. त्यांना दुरूनच तो हात दिसत होता. एकदा ताई म्हणाली, "आता घ्या खाली, थांबलं असेल." पण सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत होडी धक्क्याला लागली तरी अण्णांनी तो खाली घेतला नाही.